पोर्ट, बोर्दो, नापा, कॉन्स्टान्शिया : वाईनची शिफारस वाचावी कशी?

#थ्रेड

१/
गोव्याहून परतणाऱ्या मराठी पर्यटकाच्या पिशवीत काजू, बेबिंका आणि बहुधा 'पोर्ट वाईन'ची एक बाटली असते. (परवान्याचा प्रश्न येथे कोणी उपस्थित करू नये.) ही गोड, तांबडी, स्वस्त वाईन भारतातच तयार होते. पोर्तुगालमधील पोर्तो शहरावरून जिला नाव मिळाले, त्या मूळ पोर्टशी तिचे नाते नावापुरतेच आहे. तरीही ती बाटली पाहिली की मला १७०३ सालचा एक तह आठवतो. आजचा थ्रेड त्या तहापासून सुरू होतो आणि 'ही वाईन श्रेष्ठ, ती दुय्यम' हे कोण ठरवते, या प्रश्नाकडे जातो.

२/
वर्षअखेर जवळ आली की समाजमाध्यमांवर याद्या फिरू लागतात. जगातील सर्वोत्तम दहा रेड, दहा व्हाईट, जेवणानंतर घ्यावयाच्या पाच गोड डेझर्ट वाईन. खाली दोन पक्ष पडतात. एक पक्ष यादीला वेदवाक्य मानतो. दुसरा म्हणतो, चव ज्याची त्याची, याद्या म्हणजे निव्वळ ढोंग.

मला दोन्ही पक्ष आळशी वाटतात. आपण इतिहासाचे विद्यार्थी बखर हाती घेताना ती खरी की खोटी एवढेच विचारून थांबत नाही. ती कोणी लिहिली, कोणाच्या आश्रयाने, घटनेनंतर किती वर्षांनी आणि कोणाला वगळून, हे विचारतो. वाईनची शिफारस हेही एक ऐतिहासिक साधन आहे आणि तिला हेच चार प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे.

३/
प्रारंभीच कबुली : मी वाईनचा जाणकार नाही. खाली उल्लेखिलेल्या काही बाटल्यांची किंमत माझ्या सहा महिन्यांच्या शिष्यवृत्तीहून अधिक आहे, त्यामुळे त्या मी काचेपलीकडूनच पाहिल्या आहेत. न पिणाऱ्यांनीही हा थ्रेड निःशंकपणे वाचावा. त्यात पिण्यापेक्षा जकातीचाच विषय अधिक आहे.

४/
सतराव्या शतकात इंग्लंडमधील सधन घरांत फ्रेंच वाईनचा मान मोठा होता, विशेषतः बोर्दोच्या तांबड्या 'क्लॅरेट'चा. परंतु फ्रान्सशी वैर वाढत गेले. १६७८ मध्ये इंग्लंडच्या संसदेने फ्रेंच मालावर बंदी घातली. ती काही वर्षांनी उठली, पण पुढील युद्धांत फ्रेंच वाईनवरील कर चढतच गेला. इंग्रज व्यापारी पर्याय शोधत पोर्तुगालच्या उत्तरेस, दोरू नदीच्या खोऱ्याकडे वळले.

२७ डिसेंबर १७०३ रोजी लिस्बनमध्ये इंग्लंडच्या वतीने जॉन मेथ्युएन याने एक तह केला. तीन कलमांचा, राजनैतिक इतिहासातील अत्यंत आटोपशीर तहांपैकी एक. पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडाला आपली बाजारपेठ उघडायची आणि बदल्यात इंग्लंडने पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी कर घ्यायचा. फ्रान्सशी युद्ध असो वा शांतता, ही सवलत कायम राहणार होती.

५/
अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे काहीतरी ओळखीचे वाटले असेल. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त मांडताना जे उदाहरण घेतले, ते इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाईन यांचेच. पोर्तुगालला वाईनसाठी ८० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि कापडासाठी ९०. इंग्लंडला अनुक्रमे १२० आणि १००. म्हणून पोर्तुगालने वाईन करावी, इंग्लंडने कापड, आणि दोघांनीही सुखी व्हावे.

गणित निर्दोष आहे. पण त्या गणितातील इंग्रज मनुष्य पोर्तुगीज वाईन का पितो, याचे उत्तर त्यात नाही. तो ती पितो, कारण शतकभरापूर्वी युद्ध चालू असताना झालेल्या तहाने शेजारच्या देशाची वाईन त्याला महाग करून ठेवली आहे. ॲडम स्मिथने तर १७७६ मध्येच या तहावर सविस्तर टीका केली होती. परीक्षेत रिकार्डो विचारतात, मेथ्युएन विचारत नाहीत.

६/
आता चवीकडे येऊ. दोरूचे खोरे म्हणजे उन्हाने तापलेले, पातळ थरांच्या दगडाचे उभे डोंगर. तेथील वाईन दाट आणि रांगडी. ती नावेतून पोर्तोला आणि तेथून जहाजाने इंग्लंडला न्यायची, तर वाटेत बिघडण्याचे भय. म्हणून पिंपात थोडी ब्रँडी घालण्याची रीत पडली. आरंभी हा केवळ टिकवण्याचा उपाय होता, लोणच्यात मीठ घालावे तसा.

पुढे ब्रँडी अधिकाधिक लवकर, म्हणजे द्राक्षरस आंबत असतानाच घातली जाऊ लागली. त्यामुळे चवीचे रूपच पालटले. रस आंबतो तेव्हा त्यातील साखरेचा मद्यार्क होत असतो. ऐन मध्यावर तीव्र ब्रँडी पडली की आंबवणारे सूक्ष्मजीव मरतात आणि उरलेली साखर तशीच राहते. परिणामी वाईन एकाच वेळी गोडही राहते आणि कडकही. आजच्या पोर्टमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण १९ ते २२ टक्के असते. साध्या रेड वाईनमध्ये ते बहुधा १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास.

७/
मागणी वाढली की भेसळ येते. एल्डरबेरी नावाच्या काळसर फळांचा रस घालून फिक्या वाईनला गडद रंग देण्याचा धंदा फोफावला. बाजाराचा विश्वास उडाला आणि भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा सर्वसत्ताधीश मंत्री, पुढे मार्किस द पोम्बाल म्हणून प्रसिद्ध झालेला, याने १७५६ मध्ये एक मक्तेदार कंपनी स्थापून दोरूच्या द्राक्षभूमीची सीमा आखून दिली. एल्डरबेरीची झाडे उपटण्याचा हुकूम निघाला. सीमेवर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले, त्यांतील काही आजही उभे आहेत.

त्या खांबांवर 'फेइतोरिया' असा शब्द कोरलेला आढळतो. फेइतोरिया म्हणजे सुरतेच्या इतिहासात आपल्याला भेटते ती 'वखार'. ज्या जमिनीतील वाईन इंग्रजांच्या वखारीला, म्हणजे निर्यातीला योग्य, ती पहिल्या प्रतीची. बाकीची देशातच खपवायची. उत्तम वाईनची सरकारी व्याख्या दगडावर कोरली गेली, आणि त्या व्याख्येत पिणारा परदेशी होता.

८/
या सुधारणेची किंमतही पाहावी. कंपनीला पोर्तो शहरातील किरकोळ वाईनविक्रीचाही मक्ता मिळाला आणि गुत्तेवाल्यांचे पोट मारले गेले. फेब्रुवारी १७५७ मध्ये शहरात दंगा उसळला. पोम्बालने तो राजद्रोह ठरवून अनेकांना फाशी दिली. आज 'जगातील आद्य सीमांकित वाईनप्रदेशांपैकी एक' असे अभिमानाने छापले जाते. त्या वाक्यात ती फासावरची माणसे कुठेही नसतात.

९/
यानंतर या कथेतील माझा आवडता मनुष्य येतो. जोसेफ जेम्स फॉरेस्टर, १८०९ चा जन्म, इंग्लंडमधील हल गावचा. १८३१ मध्ये तो आपल्या नातलगाच्या व्यापारी पेढीत काम करण्यासाठी पोर्तोला आला. गडी चौफेर होता. त्याने दोरू नदीचे आणि खोऱ्याचे नकाशे स्वतः तयार केले, चित्रे काढली, शेतकऱ्यांत वावरला.

१८४४ मध्ये त्याने पोर्टविषयी एक निनावी पुस्तिका काढली. तिचा आशय स्पष्ट होता : चांगल्या द्राक्षांपासून नीट आंबवलेल्या वाईनला ब्रँडीची गरज नाही. रंग, साखर आणि ब्रँडी यांच्या भडिमाराने व्यापारी दोरूची खरी चव मारत आहेत. लेखक कोण, हे फार काळ लपले नाही. पोर्तोचे इंग्रज व्यापारी खवळले. दोरूमधील असंख्य लोकांनी मात्र त्याला पाठिंबा दिला. १८५५ मध्ये पोर्तुगालने त्याला बॅरन ही पदवी दिली.

१०/
मे १८६१ मध्ये दोरूच्या एका भीषण खळाळात त्याची नाव उलटली. फॉरेस्टर बुडाला, त्याचे शव कधीच सापडले नाही. त्याच नावेत दोना आंतोनिया फेरेरा ही पोर्टच्या व्यापारातील मातब्बर स्त्री होती, ती वाचली. तिच्या घेरदार झग्यामुळे ती तरंगली आणि कमरेला बांधलेल्या नाण्यांच्या पट्ट्याने तो तळाशी गेला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी, पण इतकी सुबक आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

तो वाद तो हरला आणि पुरता हरला. आज कायद्यानेच पोर्टमध्ये द्राक्षांची ब्रँडी घालावी लागते. फॉरेस्टरला अभिप्रेत असलेली कोरडी, ब्रँडीविरहित वाईन बाटलीत भरली, तर तिच्यावर 'पोर्ट' असे लिहिताच येणार नाही. ती 'दोरू' या नावाने विकावी लागते. ज्याला तो भ्रष्टता म्हणत होता, तीच आता अस्सलतेची कसोटी झाली आहे.

११/
म्हणून माझी पहिली शिफारस एका बाटलीची नसून जोडीची आहे. कधी संधी मिळाल्यास पिंपात वर्षानुवर्षे मुरलेली, विटकरी रंगाची 'टॉनी' पोर्ट आणि त्याच खोऱ्यातील साधी दोरू रेड, या दोन्ही शेजारी ठेवून चाखाव्यात. पहिलीत अक्रोड, सुका मेवा, गुळाच्या पाकासारखी खोल गोडी. दुसरीत तीच द्राक्षे, पण ताठ, तुरट, उन्हात वाळल्यासारखी. फॉरेस्टर बरोबर होता का? मला विचाराल तर चवीपुरता तो चूक होता, पोर्ट अप्रतिम असते. मात्र एक जिंकलेली चव दुसरीला नावही ठेवू देत नाही, हे त्याच्याच प्रकरणावरून मला कळले.

१२/
जाता जाता मदीरा बेटाची वाईन, कारण तिचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे. भारताकडे निघालेली जहाजे वाटेत मदीराला थांबत आणि पिंपे भरून घेत. उष्ण कटिबंधातून जाताना तळघरातील उकाड्याने आणि हेलकाव्यांनी इतर वाईन नासत असे. ही मात्र सुधारते, असे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. मग भारताची सफर करून आलेल्या मदीराला इंग्लंडमध्ये अधिक भाव येऊ लागला. पुढे तोच परिणाम साधण्यासाठी बेटावरच वाईन तापवण्याच्या खोल्या बांधल्या गेल्या. आजही मदीरा मुद्दाम तापवली जाते. कंपनीच्या जहाजाचे तळघर त्या चवीत अजून शिल्लक आहे.

१३/
आता सगळ्या याद्यांची आजी. १८५५, पॅरिस, तिसऱ्या नेपोलियनचे भव्य जागतिक प्रदर्शन. बोर्दोच्या व्यापारी मंडळाला आपल्या वाईन मांडायच्या होत्या. त्यांनी शहरातील वाईनदलालांच्या संघाकडे प्रतवारी मागितली. दलालांनी पंधरवड्याच्या आत ती दिली. तांबड्या वाईनच्या पाच श्रेणी आणि अग्रस्थानी चार बागा : लाफित, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियाँ. (आपल्या लातूरचा यात काही हात नाही. मी तपासले.)

१४/
पंधरवड्यात इतक्या बागांच्या वाईन चाखून प्रतवारी करता येईल काय? ती चाखून केलेलीच नव्हती. दलालांनी आपल्या वह्यांतील दीर्घकाळचे भाव पाहिले आणि जी महाग तिला वरचा क्रम दिला. त्यांच्या दृष्टीने हे अगदी योग्य होते, भाव हाच त्यांचा पुरावा. पण एका प्रदर्शनासाठी केलेली ती भावपत्रिका पुढे गुणवत्तेची सनद बनली. वरचा क्रम म्हणून वरचा भाव, आणि वरचा भाव म्हणून बागेवर अधिक खर्च करण्याची ऐपत. दीडशेहून अधिक वर्षे हे चक्र स्वतःलाच खरे ठरवत आले आहे.

१५/
त्या यादीत काय नाही, ते पाहणे अधिक उद्बोधक. नदीपलीकडील सेंट एमिलियाँ आणि पोमेरोल येथील एकही बाग नाही. त्यांचा व्यापार लिबूर्नच्या बाजारातून चाले, बोर्दोच्या दलालांच्या वहीत त्या नव्हत्या. आज पोमेरोलच्या काही बाटल्या पहिल्या श्रेणीहूनही महाग विकल्या जातात.

तांबड्या वाईन जवळजवळ सर्व मेदोक या एकाच भागातील, अपवाद ओ-ब्रियाँचा. तिची कीर्तीच इतकी जुनी होती की तिला टाळणे अशक्य होते. सॅम्युएल पेप्स या लंडनच्या दैनंदिनीकाराने १६६३ मध्येच एका मद्यगृहात ती प्यायल्याची आणि तिची चव वेगळीच वाटल्याची नोंद केली आहे, नावाचे स्पेलिंग मात्र मनसोक्त चुकवून.

व्हाईट वाईनमध्ये केवळ सोतेर्न आणि बार्साकच्या गोड वाईनना स्थान मिळाले आणि त्यांतील इकेम या एकाच बागेला सर्वांच्या वरची स्वतंत्र श्रेणी दिली गेली. कोरड्या व्हाईट वाईन यादीतच नाहीत. 'गोड वाईन म्हणजे नवशिक्यांची' असे हल्ली जे नाक मुरडून सांगितले जाते, त्या मंडळींना हा तपशील अवश्य दाखवावा. एकोणिसाव्या शतकातील रसिकाला गोडी ही श्रीमंतीची खूण वाटे.

१६/
आणि ही यादी किती अढळ? १८५५ च्या तांबड्या यादीत मोठी बढती एकदाच झाली. दुसऱ्या श्रेणीतील मूटाँ-रोथशिल्ड १९७३ मध्ये पहिल्या श्रेणीत आली. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जॅक शिराक, जे पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. मालकांनी त्यासाठी अनेक दशके खटपट केली होती. द्राक्षे तीच, जमीन तीच, सही नवी.

१७/
त्यानंतर तीनच वर्षांनी, २४ मे १९७६ रोजी पॅरिसमधील एका हॉटेलात, या व्यवस्थेला प्रसिद्ध धक्का बसला. स्टीव्हन स्पर्रियर हा पॅरिसमध्ये दुकान थाटलेला इंग्रज वाईनविक्रेता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी होती, म्हणून त्याने व त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर हिने कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाईन नावे झाकून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. सहा कॅलिफोर्नियन शार्दोने विरुद्ध चार बर्गंडी. सहा कॅलिफोर्नियन कॅबरने विरुद्ध चार बोर्दो.

व्हाईटमध्ये पहिली आली शातो मॉन्टेलीना, १९७३ ची. ती बनवणारा माइक गर्गिच क्रोएशियातून कम्युनिस्ट राजवट सोडून अमेरिकेत आलेला. रेडमध्ये पहिली स्टॅग्ज लीप, तीही १९७३ ची. ती बनवणारे वॉरन विनिआर्स्की त्यापूर्वी शिकागो विद्यापीठात अध्यापन करत. (मानव्यशाखेच्या विद्यार्थ्यांनी आशा सोडू नये.) दुसऱ्या क्रमांकावर होती १९७० ची मूटाँ. म्हणजे मंत्र्याची सही वाळते न वाळते तोच!

१८/
ही कथा सहसा 'सामान्यांनी सम्राटांना हरवले' अशी सांगितली जाते. मलाही ती आवडते, आणि म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहायला हवे. पहिल्या व दुसऱ्या रेडमधील गुणांचे अंतर नगण्य होते. परीक्षकांची मते आपापसांत फार भिन्न होती. व्हाईटचा निकाल रेड चाखण्यापूर्वीच जाहीर झाल्याने दुसऱ्या फेरीत परीक्षक सावध झाले होते. कोणत्या बाटल्या आणायच्या हे आयोजकांनी ठरवले होते.

आणि तेथे वार्ताहर एकच होता, 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्याकडे बाटल्यांची यादी होती, परीक्षकांकडे नव्हती. नापाची व्हाईट चाखून एक परीक्षक समाधानाने 'आता फ्रान्सला परतलो' अशा अर्थाचे उद्गारला, हा गमतीचा प्रसंग त्यानेच टिपला. टेबर त्या दिवशी घरी राहिला असता, तर ही घटना इतिहासात उरली असती का? मला शंका आहे. आज त्या दोन विजेत्या वाईनच्या बाटल्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

एक गोष्ट मात्र त्या दुपारने निर्विवाद सिद्ध केली : चिठ्ठी झाकली की त्या चिठ्ठ्यांवर हयात घालवलेल्यांनाही देश ओळखता येत नाही.

१९/
या कॅलिफोर्नियाचा धागा नाशिकपर्यंत येतो. स्टॅनफर्डमध्ये शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला सुला उभी केली आणि २००० मध्ये तिची पहिली वाईन बाजारात आली. त्या घडणीत केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियन तज्ज्ञाचा वाटा होता. आपण जी वाईनची परिभाषा शिकलो, तीही बरीचशी त्याच मार्गाने आली.

मी नाशिकजवळ एकदा वाईनचाखणीला बसलो होतो. माहिती देणारा मुलगा मनापासून सांगत होता : 'यात ब्लॅककरंट जाणवेल, यात गूजबेरी.' आमच्या टेबलावरील चौघांपैकी कोणीही ब्लॅककरंट हे फळ पाहिलेले नव्हते, आम्हाला ते आइस्क्रीम म्हणूनच ठाऊक. सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा.

२०/
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाईनच्या वासांचे एक चक्र तयार केले. 'उदात्त', 'मोहक' असले पोकळ शब्द टाळून प्रत्येक वासाला ठोस वस्तू नेमून द्यायची, ही त्यांची कल्पना. साध्या वाईनमध्ये मिरी, फळे, डबाबंद भाज्या घालून वासाचे नमुने करायचे आणि नाक तयार करायचे. कल्पना उत्तम, लोकशाहीवादी. पण त्या वस्तू तेथील मंडईतील आहेत. हीच पद्धत येथे वापरायची तर जांभूळ, करवंद, कोकम, चिंच, वाळा, पहिल्या पावसाची माती असे चक्र हवे. कोणी खाद्यशास्त्राचा विद्यार्थी वाचत असेल, तर हे काम त्याची वाट पाहत आहे. चुकीच्या फळांना मान डोलावत राहणे मला आता नको वाटते.

२१/
शेवटी कॉन्स्टान्शिया. हा भाग लिहायचा होता, म्हणूनच हा थ्रेड लिहायला घेतला.

दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी सायमन व्हान डर स्टेल याला १६८५ मध्ये टेबल माउंटनच्या पलीकडे विस्तीर्ण जमीन मिळाली. तिचे नाव कॉन्स्टान्शिया. तेथील मस्कत जातीची द्राक्षे वेलीवरच सुकू देऊन त्यांची गोड वाईन केली जाई. १७७८ मध्ये हेंड्रिक क्लूटी याने ग्रूट कॉन्स्टान्शिया विकत घेतल्यावर ती युरोपच्या शिखरावर पोचली.

तिला मिळालेल्या शिफारशी पाहा. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनला ती पुरवली जाई. जेन ऑस्टिनच्या १८११ च्या कादंबरीत प्रेमभंगावरील उपाय म्हणून ती पुढे केली जाते. बोदलेअरने तिला कवितेत आणले. जगात फार थोड्या वाईनना एवढी साहित्यिक प्रतिष्ठा लाभली असेल.

२२/
त्या द्राक्षांची राखण, तोडणी, गाळणी करत होती गुलाम केलेली माणसे. मादागास्कर, मोझांबिक आणि आजच्या इंडोनेशियाच्या बेटांवरून आणलेली, आणि भारतातूनही. बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून डच जहाजांनी माणसे केपला नेली. कंपनीच्या नोंदींत त्यांची मूळ नावे पुसून मालकांनी ठेवलेले नाव आणि पुढे गावाचा शिक्का येतो : अमुक 'व्हान बेंगालन', तमुक 'व्हान मलबार'. काहींना महिन्यांची नावे दिली गेली. सप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावे केपमध्ये आजही आहेत.

क्लूटीची वाईन ज्या वर्षांत युरोपभर गाजत होती, ती सगळी वर्षे गुलामगिरीची आहेत. ब्रिटिश अमलाखाली केपमधील गुलामगिरी १ डिसेंबर १८३४ रोजी कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली त्या माणसांना आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले.

२३/
गुलामगिरी संपली तरी 'डॉप' राहिला. मजुरीचा एक भाग पैशांऐवजी वाईनमध्ये देण्याची ही केपची पद्धत, दिवसातून अनेकदा ठरलेले माप. विसाव्या शतकात कायद्याने बंदी आल्यानंतरही ती अनेक शेतांवर दशकानुदशके चालू राहिली. गर्भावस्थेत मद्याचा परिणाम झालेल्या मुलांचे प्रमाण आज जगात जेथे सर्वाधिक नोंदवले गेले आहे, त्यांत पश्चिम केपमधील द्राक्षपट्टा येतो. ही वाईनच्या चवीची दुसरी नोंद आहे, आणि ती कुठल्याही यादीत छापली जात नाही.

२४/
कॉन्स्टान्शियाचे वैभव पुढे ओसरले. ब्रिटनमध्ये केपच्या वाईनला असलेली करसवलत १८६१ पर्यंत संपुष्टात आली. १८८६ मध्ये फायलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड केपमध्ये आढळली. वाईन जवळजवळ शतकभर विस्मरणात गेली. मग क्लाइन कॉन्स्टान्शिया या बागेने १९८६ च्या हंगामापासून ती 'व्हँ द कॉन्स्टान्स' या नावाने पुन्हा सुरू केली. आज डेझर्ट वाईनच्या बहुतेक याद्यांत ती असते, आणि तिच्यासोबत नेपोलियन व जेन ऑस्टिनही असतात.

ती घेऊ नये, असे मी म्हणत नाही. एका परिचिताच्या घरी तिचा घोटभर अंश मला मिळाला होता. संत्र्याची साल, मध, आले, आणि गोडीला तोलून धरणारा आंबटपणा. मी अजून विसरलेलो नाही. माझा आक्षेप शिफारशीच्या त्या परिच्छेदाला आहे, ज्यात पिणाऱ्या सम्राटाचे नाव येते आणि पिकवणाऱ्यांचे येत नाही. ग्रूट कॉन्स्टान्शियाच्या जुन्या घरात आज संग्रहालय आहे आणि तेथे गुलामगिरीचा इतिहास मांडला जातो. बाटलीविषयी लिहिणाऱ्याला त्यातील दोन वाक्ये घेणे अवघड नाही.

२५/
एक विनंती. मुंबई, पुणे, नागपूर येथील जुन्या क्लबांची, इराणी हॉटेलांची, बोटींवरील जेवणावळींची मेनूकार्डे, मद्याच्या पावत्या किंवा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतरचे परवाने कोणाच्या घरी असतील, तर छायाचित्रे येथे टाकावीत. कोणत्या वाईन येत होत्या आणि काय भावाने, याची नोंद मी करतो आहे. मदीरा किंवा पोर्टचा उल्लेख आढळल्यास कृपया तारखेसह कळवावे.